म्याकल सरांच्या जोडण्या

एप्रिलात अक्कलकोट रोडवरच्या आमच्या कारखान्यात
कूलरसुद्धा धापा टाकतो,
तिथं त्या कॉम्प्युटरची काय कथा.
नोंदवहीचं सॉफ्टवेअर उघडायला एवढा वेळ
की मी डबा सोडते, कडक भाकरी मोडते,
शेंगाचटणीत तेल कालवते,
तरी पडद्यावरचा गोल फिरतोच आहे.

धाकटे शेट म्हणाले,
म्याकल सरांनी काय काय चिकटवून ठेवलंय त्याला,
उडव बे सगळं.
सर फाल्गुनात भिवंडीला गेले, लेकाकडे.
त्यांची खुर्ची मला मिळाली, उशीसकट.

सापडायलाच अर्धा दिवस गेला.
फाईल. मग पर्याय. मग ॲड-इन्स.
वाटलं, आलं हाताला; तर ती नुसती नावं,
रुखवतात मांडल्यासारखी,
बघा, पण हात लावू नका.
खरी किल्ली पार तळाशी, बारीक अक्षरात:
व्यवस्थापन, आणि शेजारी एक बटण,
'जा'.
आमच्यात उंबऱ्यावर कुणी जाते म्हणत नाही,
येते म्हणतात.
सरही निघताना येतोच म्हणाले होते.
दाबलं मी. जा.

चौकोन उघडला. सात नावं, सात खुणा.
जोडणी मला नवी नाही.
साधा माग पट्टेच विणतो,
डोक्यावर जेकार्ड चढवला की मोर येतो, कमळ येतं,
आहेराच्या चादरीवर नवऱ्यामुलाचं नाव येतं.
उतरवला की पुन्हा पट्टे.
माग त्याबद्दल काही बोलत नाही.

पहिली तारीख टाकणारी. राहू दे.
दुसरी पानं लावणारी, तिसरीही पानंच लावणारी,
एका मागावर दोन कामगार; एकीची खूण काढली.
चौथी मागं कधीतरी कोसळली होती,
तेव्हापासून सॉफ्टवेअरनंच तिला बाजूला बसवलंय
आणि पुन्हा कामाला घेतलं नाही.
तिला मोकळं केलं.
पाचवी अक्षर मोठं करणारी.
सहावी लिहिलेलं वाचून दाखवणारी.
इथं माझा हात थोडा सावकाश झाला.

सातवीच्या नावावरून काही कळेना.
खूण तशीच ठेवून मी एक नमुना उघडला,
बाण काठावर नेला
आणि एका बाईचा कोरडा आवाज म्हणाला: मरून.
आत नेला: पोपटी.
फुलावर: राणी.

मी मागं वळून पाहिलं.
मागांच्या खडखडाटात कुणाला काही गेलं नव्हतं.
सर कानात बारीक वायर घालून बसायचे;
आम्ही म्हणायचो, म्हातारा तेलुगू गाणी ऐकतोय.
आणि दिवाळीच्या आधी एकदा
सुताचा कोन हातात फिरवत म्हणाले होते,
रेणुका, हा तपकिरी का जांभळा गं?
मी हसले. सर, परीक्षा घेताय?
हो, म्हणाले. पास झालीस.

त्यांचा एक नमुना आहे, काठात एक धागा चुकलेला,
मरूनच्या जागी तपकिरी.
तोच सगळ्यात जास्त खपतो,
हैदराबादचे व्यापारी तोच मागतात.
सातवी जोडणी चढवल्याची तारीख बघितली:
त्या नमुन्यानंतर आठवा दिवस.

शेटना सांगितलं, दोन उडवल्या, आता भरकन उघडतंय.
त्यांनी बाकीच्यांचं विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

खणात ती वायर सापडली, डावा कान मेलेला.
उजव्यात घालून
भाकरीचा उरलेला तुकडा चघळत
नव्या नमुन्यावर बाण फिरवते.
दिसतंय मला सगळं.
तरी विचारते.